दोन झाकणांची डबी

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे. प्लास्टिकची, दोन खोल्यांची, दोन फिरकीच्या झाकणांची. माझा जन्म डोळ्यांत घालायच्या लेन्स ठेवण्यासाठी झाला आणि आज माझ्या पोटात चुना आहे. हे कसं झालं ते सांगते. ऐकून तुम्हाला माझी दया येईल, पण ती मला नको. माणसांची दया आणि माणसांची अक्कल मी फार जवळून पाहिली आहे. दोन्हींविषयी माझं मत चांगलं नाही.

एका कारखान्यात साचा उघडला आणि आम्ही बहिणी भराभर खाली पडलो. सगळ्या एकसारख्या, आतून पांढऱ्याशुभ्र. एक झाकण हिरवं, एक पांढरं. हिरव्याखाली उजव्या डोळ्याची लेन्स ठेवायची, पांढऱ्याखाली डाव्या डोळ्याची. इतकी सोपी गोष्ट आहे. माणसांना तीही लक्षात राहत नाही, हे मला पुढे कळलं.

तिथून मी भंडाऱ्यातल्या एका चष्म्याच्या दुकानात आले. दुकानात मनिष नावाचा विक्रेता होता. केस चोपडलेले, बोटांत अंगठ्या, आणि डोळ्यांविषयीचं ज्ञान शून्य. त्याच्याजवळ एक कार्ड होतं. त्यावर निळे, हिरवे, मधाच्या रंगाचे डोळे छापलेले होते. गिऱ्हाईक आलं की तो ते कार्ड पुढे सरकवायचा आणि विचारायचा, "कलर कोणता देऊ?" हाच त्याचा पहिला प्रश्न आणि हाच शेवटचा. डोळे कोरडे पडतात का, काम धुळीत असतं का, दिवसातून किती वेळ लेन्स लावणार, असं त्याने कोणाला विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. चपलेच्या दुकानात निदान पायाचं माप तरी घेतात!

एक दिवस दुकानात उर्वशी आली. दिघोरीची, धानाची शेती करणाऱ्या घरची मुलगी. नाकावर जाड काचांचा चष्मा, गुडघ्यांवर खरचटल्याच्या खुणा. ती गावच्या कबड्डीच्या संघात चढाई करायची. बरोबर तिचा मोठा भाऊ विक्की होता.

"चष्मा लावून मैदानात उतरूच देत नाई," उर्वशी म्हणाली. "अन् काढला त समोरची पोरगी दिसते, पण तिचा हात नाई दिसत."

"काही टेन्शन नाही," मनिष म्हणाला. "कलर कोणता?"

"निळा दे ना," विक्की मधेच बोलला. "समोरची टीम पाहूनच भेली पायजे."

झाली निवड! मनिषने तिच्या चष्म्याचा नंबर यंत्रावर वाचला आणि त्याच नंबरच्या निळ्या लेन्स काढून दिल्या. तिच्या डोळ्यांकडे त्याने बॅटरी मारूनसुद्धा पाहिलं नाही. "सालभर चालते. धुवायचं अन् घालायचं," एवढं त्याचं मार्गदर्शन. लेन्सबरोबर पाण्यासारख्या औषधाची एक छोटी बाटली मिळाली आणि मी फुकट मिळाले.

घरी पोचल्यावर उर्वशीची आई कुंताबाई दारातच ओरडली, "हे काय वो! मांजरीचे डोरे लावून आली का?" आणि पुढच्याच क्षणी तिने सगळ्या आळीला हाक मारली. मग काय, रोज कोणी ना कोणी त्या डोळ्यांकडे पाहायला यायचं. कोणाला ते सिनेमातल्यासारखे वाटले, कोणाला भुतासारखे. त्या डोळ्यांनी तिला नीट दिसतं का, हे एकानेही विचारलं नाही.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. उर्वशी हात धुवायची, मला रोज रिकामी करून नवं औषध भरायची. मैदानावर तिला बोनसची रेषा दिसायला लागली, समोरच्या मुलींचे हात दिसायला लागले, आणि ती गुण घेऊन यायला लागली. सानगडीच्या स्पर्धेत संघाची सगळी भिस्त तिच्यावर आहे, असं सगळे म्हणू लागले. तेव्हा मला वाटलं होतं की ही मुलगी इतरांपेक्षा शहाणी निघेल. माझाही अंदाज कधीकधी चुकतो.

औषधाची बाटली संपली आणि उर्वशीने हापशीचं पाणी वापरायला सुरुवात केली. "पाणीच त हाये," ती म्हणाली. लेन्स ओढणीला पुसू लागली. लेन्स घालूनच दुपारची झोप काढू लागली. मला तर धुणंच बंद झालं. माझ्या तळाला बुळबुळीत थर चढला. तेवढ्यात धानाची मळणी आली. यंत्र सुरू झालं की अंगणभर भुसा उडायचा. सगळे तोंडाला फडकं बांधायचे आणि ही बाई निळे डोळे लावून मधोमध उभी! उजवा डोळा लाल झाला, टोचायला लागला. कुंताबाईने विचारलं तर म्हणाली, "भुसा गेला वो आई." खरं सांगितलं तर लेन्स काढून ठेवायला लावतील आणि सानगडीला खेळता येणार नाही, ही भीती तिला होती. बक्षिसाच्या एका ढालीपायी डोळा लपवणाऱ्या मुलीला काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

आता घरातल्या आणखी एका माणसाची ओळख करून देते. उर्वशीचे आजोबा यादोराव. सगळे त्यांना आबाजी म्हणतात. त्यांच्या डाव्या डोळ्यात नुसतं पांढरं आहे. लहानपणी घरी चुना भिजवताना फुटून उडाला आणि डोळ्यात गेला. घरच्यांनी डोळा पाण्याने धुवायचा सोडून त्यात तूप घातलं. डोळा गेला. आणि ज्या चुन्याने डोळा नेला, तोच चुना आबाजी जन्मभर तंबाखूला लावून खात राहिले. यावर मी काय बोलावं?

सानगडीच्या सामन्याचा आदला दिवस होता. दुपारी उर्वशी लेन्स लावून मळणीवर गेली होती आणि मी रिकामी खिडकीत पडले होते. आबाजींची चुना-तंबाखूची पत्र्याची डबी सकाळीच कुठेतरी भुशात हरवली होती. ते ती शोधत घरात आले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला उचललं, दोन्ही झाकणं फिरवून पाहिली.

"वा रे वा! दोन खोल्या. एकीत चुना, एकीत तंबाखू. पोरीनं माह्यासाठीच आणली वाटते."

त्यांनी हिरव्या झाकणाखाली ओला चुना भरला. अपमान मी चुन्यासकट गिळला. दुसऱ्या खोलीत तंबाखू भरणार तोच कुंताबाईने बाहेरून सासऱ्यांना हाक मारली, "मामाजी, चहा थंडा होऊन राहिला!" आबाजी मला खिडकीत ठेवून बाहेर गेले.

तेवढ्यात उर्वशी आली. उजव्या डोळ्यातून धार लागलेली, दोन्ही डोळे घट्ट मिटलेले. तिने ती टोचणारी लेन्स कशीबशी काढली, चाचपडत माझं हिरवं झाकण उघडलं, लेन्स आत टाकली, वरून पेल्यातलं पाणी ओतलं आणि झाकण फिरवलं. पांढऱ्या खोलीतला पांढरा चुना तिला दिसणार कसा? "थोडी धुतली का बरं वाटन," असं पुटपुटत ती डोळ्यावर ओली ओढणी धरून खाटेवर पडली. संध्याकाळच्या सरावाला जाण्याआधी ती तीच लेन्स पुन्हा डोळ्यात घालणार होती.

मित्रांनो, मी ओरडू शकत नाही. दोन तोंडं आहेत मला, आणि दोन्ही तिनेच घट्ट बंद केली होती. या घरातल्या माणसांचा मला कंटाळा आला होता हे खरं, पण त्या घटकेला मला फक्त भीती वाटत होती.

आधी आबाजी परत आले. त्यांनी तळहातावर तंबाखू घेतला, माझ्यातून बोटभर चुना काढला आणि अंगठ्याने मळायला लागले. एक तुकडा काही केल्या मळला जाईना. चुन्याची साय असेल, असं समजून त्यांनी सगळं ओठाखाली टाकलं.

"काहून चामट लागून राहिला हा तंबाखू?" ते चघळत म्हणाले.

उर्वशी उठली आणि तिने खिडकीत हात फिरवला. "आबाजी, माही डबी कोठी गेली?"

"तुही कोणती वो?"

"तुमच्या हातात हाये ते! तिच्यात माही लेन्स हाये. डोऱ्यात घालाची हाये मले."

आबाजींचं चघळणं थांबलं. त्यांनी तोंडातलं सगळं तळहातावर काढलं. तंबाखूच्या चोथ्यातून एक निळं बुबुळ वर पाहत होतं.

"हे तू आता डोऱ्यात घालणार होती?"

"हो."

म्हातारा भिंतीला टेकला. उर्वशी घाबरून त्यांना धरायला पुढे झाली, तेव्हा त्यांनी दोन्ही हात पाठीमागे लपवले. "नोको येऊ जवळ! माह्या हाताले चुना हाये," ते ओरडले. "कुंता! इकडे ये. तू पाह्य हिचा डोरा."

कुंताबाईने डोळा उघडून पाहिला आणि कपाळावर हात मारला. बुबुळावर एक पांढरट ठिपका होता.

"उद्याचा सामना झाला का मंग जातो दवाखान्यात," उर्वशी रडत म्हणाली.

"गेला तुहा सामना!" आबाजींचा आवाज फाटला. "एका डोऱ्यानं जगणं काय अस्ते, मले विचार. अजून बी पेला धराले जातो त हात बाजूले पडते. समोरच्या पोरीले हात लावाले जाशीन, अन् हवेतच फिरवशीन. विक्की, गाडी काढ!"

भंडाऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टर तेजस्विनी आहेत. त्यांनी यंत्रातून डोळा पाहिला आणि बुबुळावर जखम होऊन जंतू शिरल्याचं सांगितलं. आणखी थोडे दिवस लपवलं असतं तर नजर गेली असती. दर तासाला थेंब, आणि परवानगी मिळेपर्यंत लेन्स बंद. उर्वशीने मान खाली घातली. मग डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला, जो दुकानात, घरात, आळीत कोणालाही सुचला नव्हता.

"तू दिवसभर काय काय करतेस?"

उर्वशीने सांगितलं. मळणी, भुसा, दुपारची झोप, कबड्डी. डॉक्टर मधे मधे कपाळाला आठ्या घालत होत्या. "चष्म्याचा नंबर आणि लेन्सचा नंबर एकच नसतो. बुबुळाची गोलाई मोजावी लागते. तुझे डोळे मुळात कोरडे आहेत, त्यांना ही जाड रंगीत लेन्स चालणारच नव्हती. आणि सालभर चालणारी लेन्स घेऊन तू भुशात उभी राहतेस?" मग त्यांचं लक्ष आबाजींच्या हातातल्या माझ्याकडे गेलं. त्यांनी माझं झाकण उघडून आतला चुना पाहिला. "चुना डोळ्यात गेलाच तर आधी भरपूर पाण्याने धूत राहायचं, मग इकडे यायचं," त्या म्हणाल्या. "आणि ही डबी फेकून द्या."

"फेकतो," आबाजी म्हणाले, आणि त्यांनी मला खिशात घातलं. ही माणसांची आज्ञाधारकता!

संघ सानगडीला उर्वशीशिवाय गेला आणि हरून आला. ती पुष्कळ रडली. पण डोळा बरा झाला. मग डॉक्टरांनी बुबुळं मोजली आणि तिला एका दिवसापुरत्या साध्या लेन्स दिल्या. सामन्याच्या वेळी घालायच्या, खेळून झालं की काढून फेकायच्या. मळणीत, तळ्यावर आणि घरी चष्माच. त्या लेन्सना रंग नाही, आणि त्यांना डबीही लागत नाही. मला याचं वाईट वाटलं नाही, असं म्हणणार होते. पण वाटलं. फार वाटलं.

आता मी आबाजींची चुन्याची डबी आहे. पुन्हा घोटाळा नको म्हणून त्यांनी माझ्याभोवती लाल दोरा बांधला आहे आणि मी बंडीच्या आतल्या खिशात, गुंडीबंद असते. परवा दिघोरीतच सामने झाले. उतरण्याआधी उर्वशीने साबणाने हात धुतले, लेन्स घातल्या आणि आबाजींसमोर येऊन उभी राहिली. हा त्यांचा नेम झाला आहे. तिने आधी एक डोळा झाकला, मग दुसरा.

"दिसते?"

"दिसते, आबाजी."

"दोन्हीनं?"

"दोन्हीनं."

मग आबाजी मैदानापासून पार लांब, बाभळीखाली जाऊन बसले. वाऱ्याने आपला चुना पोरीकडे उडू नये म्हणून. तेवढ्या लांबून त्यांच्या एका डोळ्याला काय दिसणार? नुसती धूळ आणि गर्दी. तंबाखू सोडला तर पुढे बसता येईल, एवढं साधं गणित त्यांना इतके दिवस सुटलं नव्हतं. त्यांनी मला बाहेर काढलं, हिरव्या झाकणावर अंगठा ठेवला, आणि मैदानावर एकच गलका उठला.

"कोन आली रे चढाईले?" त्यांनी शेजारच्या मंगरूला विचारलं.

"तुमची नात."

अंगठा थांबला. आबाजींनी मला तसंच खिशात घातलं, गुंडी लावली आणि उठले. हापशीजवळ उर्वशीचा साबण पडला होता. त्यांनी कोपरापर्यंत हात घासून धुतले, धोतराला पुसले आणि गर्दीतून वाट काढत ते थेट रेषेजवळ जाऊन बसले. सामना संपेपर्यंत माझं झाकण उघडलं नाही.

मित्रांनो, त्या म्हाताऱ्याला इतक्या वर्षांनी का होईना, चुना बाजूला ठेवून हात धुणं जमलं. डोळ्यात काहीही घालण्याआधी ते तुमच्या डोळ्यांना आणि तुमच्या रोजच्या कामाला चालेल का, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा, आणि हात धुवा. तुमच्याकडून माझी एवढीच अपेक्षा आहे. जास्त अपेक्षा मी ठेवत नाही.