माझी मान कोणी वळवली?

लग्नातला नव्हे, सहलीतला नव्हे, ज्याच्यासमोर तुम्ही हसून उभे राहता तो तर मुळीच नव्हे; मी नाक्यावरच्या खांबाचा एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. जुना आणि आता फुटका. सध्या माझा मुक्काम पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत आहे. माझ्या एका बाजूला चोरीची सायकल आहे आणि दुसऱ्या बाजूला कोणाचा तरी कुकर. माझ्या गळ्यात सुतळीने एक चिठ्ठी बांधली आहे आणि तिच्यावर लिहिलं आहे, 'मुद्देमाल'. म्हणजे गुन्ह्यातली वस्तू. गुन्हा मी केला नाही, गुन्हा माझ्यावर झाला, तरी कोठडी मला! याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे मला ऊन, पाणी, धूळ सगळ्यांतून तावूनसुलाखून काढलं. माणसांच्या रागाची परीक्षा तेवढी घ्यायची राहून गेली. मग मला मुंबईत आणलं आणि ठाकूरद्वारच्या आतल्या बाजूला, बकुळवाडीच्या तोंडाशी एका खांबावर बसवलं. माझी मान एका स्क्रूने आवळून पक्की केली. ही मानेची गोष्ट नीट लक्षात ठेवा, मित्रांनो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. काही कॅमेऱ्यांना मान फिरवता येते. मला येत नाही. माझं तोंड जिकडे कराल तिकडेच मी बघणार.

आणि मला रस्त्याकडे बघायचं काम दिलं होतं. वाडीचं तोंड, देवळाची पायरी, फुलवालीची टोपली आणि वळणावरून भरधाव येणाऱ्या गाड्या एवढंच माझं जग होतं. मला ऐकू कसं येतं, असं तुमच्यातला कोणी शहाणा विचारेलच. बाबा रे, वर्षानुवर्षं खांबावर काढली की माणसांचे ओठ वाचता येतात. मला फक्त बोलता येत नाही, आणि माझ्या आयुष्याचा सगळा घोळ तिथेच आहे.

वाडीतली जुई माझ्यादेखत मोठी झाली. दोन वेण्यांची शाळकरी पोर होती, ती नर्सिंगच्या पांढऱ्या गणवेशात येऊ-जाऊ लागली. तिची आई सुनंदा फोर्टात एका कचेरीत होती. आजोबा अप्पा कोर्टातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. पहिल्या मजल्यावर, अगदी माझ्या खांबासमोरच त्यांची खोली होती. पण तेव्हा त्यांचा मजला मला दिसत नसे, कारण माझं तोंड रस्त्याकडे होतं.

एकदा सुनंदा भाजी घेऊन येत असताना एका मोटारसायकलवाल्याने तिला वळणावर उडवलं आणि तो पसार झाला. नंबर कोणी पाहिला नव्हता. मी पाहिला होता. दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी त्याला घरातून उचललं. त्या वर्षी दसऱ्याला सुनंदा लंगडत खाली आली आणि तिने माझ्या खांबाला झेंडूचा हार घातला. "याच्यामुळे सापडला हो मेला," असं ती फुलवालीला सांगत होती. अप्पांनी खांबाला हळदकुंकू लावलं. कारखान्यातून निघाल्यापासून माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

मग आला तो बॅनर.

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला कोणा स्थानिक पुढाऱ्याचा वाढदिवस होता. आपल्याकडे वाढदिवस माणसाचा असतो आणि फाशी खांबाला लागते. एक बॅनरवाला शिडी लावून वर आला. त्याला दोरी ओवायला जागा हवी होती आणि माझी मान मधे येत होती. त्याने दातांत दोरी धरली, दोन्ही हातांनी मला पकडलं आणि स्क्रू किरकिरेपर्यंत पिळलं. त्याचा घामेजलेला चेहरा माझ्या काचेच्या इतका जवळ होता की त्याच्या भुवईवरचा व्रणसुद्धा मला दिसला. बॅनर लागला. माझं तोंड रस्त्यावरून फिरून सरळ पहिल्या मजल्याच्या गॅलरीकडे झालं; काचेच्या खालच्या कडेला जिना आणि खांबाजवळची जागा तेवढी दिसत राहिली. तो शिडी उचलून निघून गेला.

आता मला काय दिसू लागलं? केस पुसणाऱ्या बायका, गाऊनमध्ये तांदूळ निवडणाऱ्या आजी, गॅलरीत आंघोळ घातलेली लहान मुलं. मित्रांनो, मला मान खाली घालता आली असती तर घातली असती. बायकांनी आधी चादरी टांगल्या. मग भर पावसाळ्यातही दारं बंद होऊ लागली. सुनंदाने गॅलरीत बसणंच सोडलं. त्यांचा राग खरा होता. स्वतःच्या दारात कोणी आपल्यावर डोळा ठेवून आहे हे कोणाला सहन होईल? आणि तिकडे रस्त्यावर गाड्या मोकाट, त्यांच्याकडे बघायला कोणी नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

खरी मौज पुढे आहे. अप्पांनी आयुष्यभर कोर्टाच्या खिडकीत बसून शेकडो लोकांना एकच वाक्य ऐकवलं होतं: "तोंडी चालणार नाही, लेखी द्या." आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा अप्पांना आठवली ओळख! ते चौकीत ओळखीच्या हवालदाराला भेटून आले.

"बघतो म्हणालाय," अप्पा खाली जमलेल्या लोकांना म्हणाले.

"अप्पा, लेखी अर्ज द्यायचा ना?" सुनंदाने विचारलं.

"अगं, अर्जबिर्ज परक्यांसाठी. हा आपला माणूस आहे."

आपल्या माणसाची बदली झाली. मग अप्पा कोणाकडे गेले असतील? त्याच पुढाऱ्याच्या कचेरीत, ज्याचा बॅनर माझ्या गळ्याला लटकत होता! तिथल्या कार्यकर्त्याने चहा पाजला आणि "करून टाकू, काका" म्हणाला. जाता-येता सगळी वाडी वर माझ्याकडे रागाने बघत होती. माझ्या शेजारी बांधलेल्या दोरीकडे एकाचीही नजर गेली नाही. मला ओरडून सांगावंसं वाटे, अहो, ती गाठ बघा! पण तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मग वाडीत कुजबुज सुरू झाली. हा कॅमेरा मुद्दाम फिरवलाय. बिल्डरने फिरवलाय. पुनर्विकासाला विरोध करणाऱ्यांच्या घरी कोण येतं-जातं ते बघायला फिरवलाय. उचलली जीभ, लावली टाळ्याला. बिल्डरचं आणि माझं तोंडओळखीचंही नातं नव्हतं.

याच दिवसांत जुईच्या घरी पेढे वाटले गेले. महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून तिची निवड झाली होती. आता फक्त पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी व्हायची होती. चादरीच्या फटीतून मला दिसलं, अप्पा देवापुढे पेढा ठेवून किती तरी वेळ तसेच उभे होते.

बकुळवाडीचं महिला गोविंदा पथक होतं आणि जुई त्यात सगळ्यात वरच्या थरावर चढायची. गुरुपौर्णिमेपासून त्यांचा सराव सुरू झाला होता. एका रविवारी सकाळी पथकाची प्रमुख वैशाली माझ्या खांबाखाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि वर बघत म्हणाली, "याचा निषेध कसा करायचा मला माहीत आहे. चार थरांत हातात येतोय हा. फोडूया हंडीसारखा!"

सगळ्या हसल्या. मग हसता हसताच थर लागू लागला.

सुनंदा गॅलरीत धावत आली. "जुई, वर चढू नकोस! तुझं व्हेरिफिकेशन व्हायचंय अजून!"

"आई, एकदा फुटला की फोटो कुठून राहणार? काही नाही होत गं!"

मित्रांनो, या एका वाक्यासाठी मला माझं डोकं खांबावर आपटावंसं वाटलं. अगं पोरी, चित्र माझ्या पोटात राहत नाही! ते तारेतून त्याच क्षणी लांब जाऊन साठतं. मला फोडणं म्हणजे पोस्टमनला मारून पत्र फाडल्याचं समाधान मानणं. आणि या मुलींनी अंगात काय घातलं होतं? पथकाचा पिवळा टी-शर्ट! पाठीवर ठळक अक्षरांत 'बकुळवाडी महिला गोविंदा पथक, ठाकूरद्वार', त्याखाली प्रत्येकीचं नाव. चोरसुद्धा तोंडाला फडकं बांधून येतो. या मात्र पत्त्यासकट आल्या होत्या, ढोल वाजवत.

सरावाला त्या खाली गाद्या घालतात, वरच्या मुलीला हेल्मेट आणि कमरेला दोर असतो. त्या दिवशी यातलं काहीच नव्हतं. चारच तर थर आहेत, असं म्हणून सगळं वाडीच्या खोलीत राहिलं. पावसाने खांब ओला होता. बॅनरच्या दोरीने घासून माझ्या वायरीचं वेष्टण सोललं होतं, ते फक्त मला ठाऊक होतं.

जुई वर आली. तिचा चेहरा माझ्यासमोर आला, वीतभर अंतरावर. कपाळावर ओले केस, गाल लाल झालेले, आणि ती हसत होती. माझ्या सगळ्या नोकरीत इतका स्वच्छ, इतका सुंदर चेहरा मी टिपला नव्हता. हंडी फोडायला नेतात तसा नारळ तिने कमरेला बांधून आणला होता; तो उगारला आणि हाणला. माझी काच खळकन फुटली. खाली जयजयकार झाला. तेवढ्यावर थांबली असती तरी हात शाबूत राहिला असता. पण तिने माझी वायर धरून ओढली.

ठिणगी उडाली. जुई किंचाळली आणि मागे कोसळली. तिच्याबरोबर सगळा थर कोसळला. वैशालीचा खांदा निखळला. जुई उजव्या हातावर पडली आणि मनगटाच्या हाडाचे तुकडे झाले. विजेचा झटका निसटता लागला म्हणून जीव तरी वाचला. ढोल थांबला. सुनंदा जिन्यावरून अनवाणी धावत येताना मी पाहिली आणि मग मला काहीच दिसेनासं झालं.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान केल्याचा गुन्हा दाखल झाला. नावं शोधायला पोलिसांना कष्टच पडले नाहीत, ती पाठीवर छापलेलीच होती. तुमचा राग खरा होता की खोटा, हे कायदा आधी विचारत नाही. तो आधी विचारतो, हात कोणाचा होता?

माझ्याकडून आता चित्र कुठे जात नाही, पण काचेच्या उरलेल्या तुकड्यातून मला पुन्हा अंधुक दिसू लागलं आहे. परवा दुपारी जुई पोलीस ठाण्यात आली. हात अजून प्लॅस्टरमध्ये. बरोबर अप्पा होते, एकदम थकलेले दिसत होते. तपास अधिकारी संघमित्रा मॅडम यांनी मला या खोलीतून बाहेर नेलं आणि टेबलावर ठेवलं. समोर पडद्यावर चित्र सुरू केलं. हसणारी जुई, नारळ, आणि अंधार.

जुई खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, मला रुग्णालयाच्या फॉर्ममध्ये लिहायचंय. गुन्हा दाखल आहे का, तिथे काय लिहू?"

"खरं तेच लिही. खोटं लिहिलंस तर तो आणखी एक गुन्हा."

"मग मला घेतील?"

"ते मी नाही सांगू शकत गं. आणि हात बरा झाला तरी सुई धरता येईल का, ते डॉक्टर सांगतील."

अप्पांनी खिशातून रुमाल काढला आणि डोळ्यांना लावला. थोड्या वेळाने जुईने मान वर केली. "पण मॅडम, हा आमच्या घराकडे कोणी फिरवला, ते पण यात दिसत असेल ना? आम्ही उगाच नाही चिडलो. ते दाखवलं तर कोर्ट समजून घेईल."

तिने अखेर माझा प्रश्न विचारला, मित्रांनो! मी आतून ओरडलो, हो, दिसतं! भुवईवरचा व्रणसुद्धा दिसतो!

संघमित्रा मॅडमनी निःश्वास सोडला. "दिसलं असतं. पण रेकॉर्डिंग काही आठवडेच राहतं, मग त्यावर नवीन चढतं. तुमचं फोडतानाचं त्याच दिवशी काढून ठेवलं, पुरावा म्हणून. आधीचं कोणी मागितलंच नाही. तुम्ही थर लावलात त्या रविवारीसुद्धा ते होतं. एक लेखी अर्ज दिला असता, तर आम्हाला ते राखून ठेवावं लागलं असतं. याची मानही सरळ झाली असती."

"लेखी," अप्पा पुटपुटले. एवढंच.

मी रागावलो आहे, आणि तो राग लपवायचं मला कारण नाही. "बघतो, करतो" म्हणणाऱ्यांवर रागावलो आहे, माझी मान पिळून निघून गेलेल्या त्या माणसावर रागावलो आहे, आणि या वेड्या पोरीवर तर सगळ्यात जास्त, कारण तिचं म्हणणं खरं होतं आणि तिने ते नारळाने मांडलं. मुलांनो, एखादा कॅमेरा तुमच्या दारात डोकावत असेल तर गप्प बसू नका. फोटो काढा, अर्ज लिहा, पोच घ्या, ऐकलं नाही तर पुन्हा लिहा, वरच्याकडे जा, दहा जणांनी सह्या करा. कंटाळवाणं आहे, कबूल. पण खांबावर चढू नका. वर वीज आहे, खाली जमीन आहे, आणि फुटक्या काचेतून तुमची बाजू कोणाला दिसत नाही.

जाताना जुई माझ्यापाशी थांबली. डाव्या हाताने तिने माझ्या वाकड्या मानेला हात लावला, आणि तिथे अजून अडकलेला बॅनरच्या दोरीचा तुकडा तिच्या बोटाला लागला. ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला कळलं, पण दोरीवर ती बांधणाऱ्याचं नाव थोडंच लिहिलेलं असतं? माझ्यासमोर दोन चेहरे आले होते, जुई. एक माझी मान पिळणाऱ्याचा आणि एक तुझा. त्याचा चेहरा आता जगात कुठेच उरलेला नाही. तुझा मात्र फार जपून ठेवला आहे.