अकरा वर्षं न वाजलेला हॉर्न

एकोणपन्नासाव्या वर्षी मी इंटर्न झालो. वर्तमानपत्राने मला घरी बसवलं आणि बायकोने घरी बसू दिलं नाही, म्हणून समाजकार्याच्या पदवीला नाव घातलं. पदवीसाठी चारशे तास एखाद्या संस्थेत काम करणं भाग होतं. स्टॉकटनमधली आमची संस्था सरकारी देखभालीत, परक्यांच्या घरी वाढलेल्या मुलांना स्वतःच्या पायावर उभं राहायला मदत करते. एकविसाव्या वाढदिवशी सरकार त्यांचं पालकत्व सोडतं. केक देत नाही.

माझी साहेबीण लॅट्रीस सव्वीस वर्षांची. ती स्वतः याच वाटेने आलेली, त्यामुळे तिला माझी दया यायची. तिने यादिरा नावाच्या मुलीची फाइल माझ्या हातात ठेवली.

"महिनाअखेरीच्या शुक्रवारी एकवीस पूर्ण. पुढच्या सोमवारपासून पाणीखात्यात उमेदवारी, पण गाडीचं लायसन्स दाखवलं तरच. परीक्षा वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, गुरुवारी. ती हुकली तर पुढची तारीख दीड महिन्याने, म्हणजे नोकरी गेली. गॉर्डन, तुमची गाडी धड आहे ना?"

"एकदम," मी म्हणालो.

फाइलमध्ये 'अडचणी' या रकान्यात लिहिलं होतं : नऊ घरं बदलली. 'जमेच्या बाजू' मला भरायच्या होत्या. मी लिहिलं, 'वक्तशीर'. यादिरा रोज वीस मिनिटं उशिरा यायची, पण रोज वीसच.

महिनाभर ती माझी गाडी चालवत होती आणि मी शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत होतो.

"आजोबा, पाय काढा. तळ फाटेल गाडीचा."

"मी एकोणपन्नासचा आहे."

"तेच म्हटलं."

गुरुवारी ती वीस मिनिटं लवकर आली. तेव्हाच मला धडकी भरली.

लायसन्स ऑफिसच्या आवारात परीक्षक पॅड घेऊन गाडीभोवती फिरला. दिवे ठीक. ब्रेकचे दिवे ठीक. "हॉर्न," तो म्हणाला. यादिराने दाबला. शांतता. पुन्हा दाबला. जास्त शांतता.

आमच्याकडे हॉर्न वाजवणं म्हणजे भर रस्त्यात कुणाची तरी आई काढणं. मी सभ्य माणूस. गाडी घेतल्यापासून अकरा वर्षांत एकदाही वाजवला नव्हता. तो कधी वारला, मला कळणार कसं?

"मागची गाडी तपासून येतो," परीक्षक म्हणाला. "तोवर वाजला तर वाजला. नाहीतर नवी तारीख घ्या."

"मी लॅट्रीसला फोन लावतो," मी म्हणालो. संस्थेत हेच शिकवतात.

"तिच्याकडे हॉर्न आहे? नाही ना? मग उजेडातून बाजूला व्हा."

यादिरा स्टिअरिंगखाली वाकली, फ्यूजचं झाकण काढलं आणि एक काळा पडलेला फ्यूज नखाने उपटून मला दाखवला.

"हे कुठे शिकलीस?"

"पाचव्या घरी. तिथला म्हातारा सकाळपासून प्यायचा, पण गाडीला हात लावताना शुद्धीत असायचा. टॉर्च मी धरायचे. तुम्ही रेडिओ ऐकता?"

"रोज. बातम्या."

"ऐकायचात." तिने रेडिओचा फ्यूज काढून हॉर्नच्या जागी बसवला आणि हॉर्नवर तळवा दाबला.

अकरा वर्षांचं तुंबलेलं एकदम बाहेर पडलं. रांगेतले सगळे दचकले, परीक्षकाचं पेन पडलं. "कळलं," तो म्हणाला, "पुरे!"

वीस मिनिटांनी ती परीक्षा देऊन परतली आणि माझ्या नाकासमोर कागद धरला.

"तीन चुका."

"चालतात किती?"

"पंधरा!" ती ओरडली आणि मला असं आवळलं की चष्म्यासकट मी जमिनीवरून उचललो गेलो.

परतताना तिने प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवला. एका पाद्रीसाहेबांनी गाडीतून केलेली खूण धर्मग्रंथातली नव्हती. संस्थेच्या दारात लॅट्रीस तणतणत बाहेर आली, "कोण गावंढळ आहे रे तो?" स्टिअरिंगमागे कोण आहे ते तिने पाहिलं. मग खिडकीतून हात घालून तिने स्वतःच हॉर्न दाबला, आणि बराच वेळ सोडला नाही.

मी वर जाऊन फाइल काढली. 'अडचणी'मधली नऊ घरं खोडली आणि 'जमेच्या बाजू'त लिहिली.

लॅट्रीसने ते वाचलं. "असं खोडता येत नाही," ती म्हणाली. "पाचवं घर वेगळं लिहा." आणि सही केली.