माझ्या दुसऱ्या टोकाचं दार

मित्रांनो, मी मुलुंडच्या एका तीन मजली इमारतीच्या गच्चीवरची जुनी मधपेटी आहे. मधपेटी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे एकावर एक चढवलेले चौकोनी खोके येतील. मी तशी नाही. मी आडवी आणि लांब आहे. पाच-सहा वर्षांचं मूल माझ्यात पाय पसरून झोपेल एवढी. म्हणूनच मला पहिल्यांदा जिन्यावरून वर नेताना समोर आलेला प्रत्येक माणूस भिंतीला चिकटून उभा राहिला. एकानं तर मला शवपेटी समजून चप्पल काढून हात जोडले.

मी स्वभावानं संशयी आहे, हे आधीच सांगते. माझ्या दारात कायम पहारेकरी माश्या बसलेल्या असतात. येणाऱ्या प्रत्येकीला त्या हुंगतात. वास ओळखीचा असला तर आत, नाहीतर बाहेर. वर्षानुवर्षं हे बघून मलाही तीच सवय लागली. गच्चीच्या जिन्यावर पाऊल वाजलं की माझा पहिला प्रश्न, कोण आलं? आणि दुसरा, कशाला आलं?

मला जयवंतनं बनवलं. तो मूळचा देवगडकडचा, परळच्या गिरणीत होता. संपानंतर गिरणी उघडली नाही, तेव्हा तो मुलुंडच्या एका कारखान्यात लागला. तिथे यंत्रं मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून यायची. त्या खोक्यांच्या फळ्या कुणाला नको असायच्या. त्या त्यानं आणल्या, धाकू सुताराकडून रंधून घेतल्या आणि स्वतः ठोकून मला उभी केली. उभी म्हणजे आडवीच.

आडवी करायला सांगितलं ते त्याच्या बायकोनं, सुलक्षणानं. तिचे वडील गावी घरामागे पोकळ ओंडका आडवा टाकून सातेरी माश्या पाळायचे. सातेरी म्हणजे आपली गरीब स्वभावाची माशी, आग्यासारखी अंगावर धावून येणारी नव्हे. सुलक्षणा म्हणाली, "उभ्या पेटीचा वरचा खोका उचलता उचलता माणसाची कंबर मोडते. मला बाबांच्या ओंडक्यासारखी हवी. झाकण उघडलं, एक पट्टी उचलली, पोळं बघितलं, परत ठेवलं."

माझ्या तोंडावर अशा लाकडी पट्ट्या ओळीनं बसवल्या आहेत. प्रत्येक पट्टीखाली माश्या एक पोळं लोंबकळत बांधतात. आत मधोमध एक सरकती आडफळी आहे. माश्या थोड्या असल्या की फळी पुढे घ्यायची, म्हणजे घर उबदार राहतं. वाढल्या की मागे सरकवायची, म्हणजे जागा होते. बस, एवढीच माझी सगळी करामत.

माझ्या एका टोकाला माश्यांचं दार होतंच. सुलक्षणानं दुसऱ्या टोकालाही भोक पाडायला सांगितलं.

"दुसरां दार कित्याक?" जयवंत म्हणाला. "चोरांची सोय?"

"असांदे ओ. कामाक येतला."

त्यानं भोक पाडलं आणि औषधाच्या बाटलीचं बूच त्यात घट्ट ठोकलं. मला ते बूच कधी आवडलं नाही. आपल्या अंगात एक दार आहे आणि ते कशासाठी आहे हे कुणी सांगत नाही, तर मनात नाही नाही ते येणारच ना?

माश्या इमारतीतच मिळाल्या. खालच्या मीटरच्या खोलीत एका मोडक्या कपाटात त्यांनी घर केलं होतं. सुलक्षणानं आधी हातांना गवती चहाची पाती चोळली. माश्यांना तो वास आपल्या माणसाचा वाटतो. मग तिनं एकेक पोळं अलगद कापून माझ्या पट्ट्यांना बांधलं. माझे चारही पाय तिनं पाण्याच्या वाट्यांत ठेवले, मुंग्या चढू नयेत म्हणून. तेव्हापासून दर आठवड्याला गवती चहाचा वास आला की मला कळायचं, सुलक्षणा आली. तेवढ्या एका वासाला मी कधी 'कशाला' असं विचारलं नाही.

ती वर्षं चांगली गेली. इमारतीच्या गणपतीच्या पंचामृतात माझाच मध असायचा. कुणाला खोकला झाला की वाटी घेऊन माणूस वर यायचं. सोसायटीचे सेक्रेटरी नंदकुमार बोट चाटून म्हणायचे, "झकास! बाजारात असला मिळत नाही." आणि मीटिंगमध्ये हेच नंदकुमार म्हणायचे, "गच्ची सगळ्यांची आहे. उद्या कुणाला चावल्या तर वाट माझी लागणार." त्यांच्यावर माझा विश्वास नव्हता.

त्याहून कमी विश्वास होता तो मालनवर. ती तिसऱ्या मजल्यावर, जयवंतच्या शेजारच्या खोलीत राहायची आणि गच्चीवर कपडे वाळत घालायची. माश्या सकाळी बाहेर पडल्या की उडता उडता पोट साफ करतात. त्याचे पिवळे ठिपके पडतात, आणि ते नेमके मालनच्या पांढऱ्या चादरींवर पडायचे.

"सुलू, तुझ्या माश्यांना एक संडास बांधून दे गं!" ती चादर नाचवत ओरडायची. "हे बघ! तीनदा धुतली. डाग हलत नाही."

"डाग कुठला? हळद लागलीय तिला," सुलक्षणा म्हणायची. "लग्न ठरलं असेल तुझ्या चादरीचं."

"तोंड बघा हिचं! एक दिवस ही पेटीच खाली फेकते की नाही बघ."

मग दोघींचे आवाज जिन्यात उतरायचे. पुढे त्या हसायच्या की भांडायच्या, मला ऐकू यायचं नाही. मी आपलं ऐकलं तेवढंच धरून बसले, ही पेटी खाली फेकणार आहे.

त्या वर्षी फाल्गुनात मागच्या डोंगरावर सावर आणि पांगारा फुलले. माश्या पायांना परागाचे पिवळे गोळे लावून येत होत्या. पोळी भराभर वाढत होती. आता फळी मागे सरकवायला हवी होती, आणि नेमकी तेव्हाच सुलक्षणा यायची थांबली.

पहिल्यांदा मला वाटलं, ती रागावली. मग वाटलं, कुणीतरी तिला वर येऊ देत नाही. खालून दवाखान्याचं बोलणं ऐकू आलं, ते मी खरं मानलं नाही. मग एका सकाळी जिन्यातून खूप पावलं एकदम उतरली, हळू आणि जड, काहीतरी उचलून नेताना वाजतात तशी. त्यानंतर नुसता उदबत्तीचा वास वर येत राहिला.

जयवंत एकदाच वर आला. हात पाठीमागे धरून लांब उभा राहिला. त्याच्यामागून त्याची थोरली बहीण जानकी आली. ती गावाहून आली होती.

"हात लावू नको हां," ती म्हणाली. "सुतक आसा. ह्यो मध देवाक जाता. तेराव्यानंतर काय ता बघ."

जयवंतनं मान हलवली आणि तो खाली गेला. देव्हाऱ्याला हात लावत नाहीत, तसा त्यानं मलाही लावला नाही.

इकडे माझ्या आत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. माश्या एकमेकींच्या अंगावरून चालत होत्या. दाराबाहेर त्यांची दाढीसारखी लोंबती झुंड लटकू लागली. पायांखालच्या वाट्या सुकल्या, आणि मुंग्यांची पहिली ओळ माझ्या पायापाशी येऊन थांबली.

मग मालन आली. तोंडावर पदर, हातात कागदाची पुडी. इकडे तिकडे बघत ती वाकली आणि माझ्या चारही पायांभोवती पिवळी पूड टाकून झटकन निघून गेली. मित्रांनो, मला वेगळा विचार करायची गरजच वाटली नाही. हे विषच, मी म्हटलं. सुलू गेली, आता हिला मोकळं रान मिळालं.

दोन दिवसांनी सकाळी उन्हं चढताना जुनी राणी आणि तिच्याबरोबर अर्ध्या माश्या घर सोडून उठल्या. गच्चीवर मोठा घुमणारा ढग झाला, पाण्याच्या टाकीच्या मागे वळला आणि माझ्या नजरेआड गेला. थोड्याच वेळात मालन एक पांढरी चादर घेऊन घाईघाईनं टाकीमागे गेली आणि हात हलवत परत आली. चादरीनं माझ्या माश्या झोडपल्या असणार, याबद्दल मला जराही शंका नव्हती.

तेराव्याची पंगत उठल्यावर जयवंत वर आला. मागून जानकी आणि नंदकुमार होते. जयवंत माझ्या दाराशी वाकला. एरवी गजबजलेल्या दारात मोजक्याच माश्या होत्या. मग जानकीला माझे पाय दिसले.

"हळद!" ती दोन पावलं मागे सरली. "जयवंता, हात लावू नको. कोणी तरी करणी केल्यान."

जयवंत उठून उभा राहिला. "सुलूच्या माश्या गेल्या," तो म्हणाला. "तिच्या मागोमाग माश्यापण घालवल्या कुणीतरी."

"मी सांगतच होतो," नंदकुमार म्हणाले. "कशाला ठेवतोस यार ही आता? भंगारवाला खाली उभा आहे. दोन माणसं लावतो, पाच मिनिटांत उतरवू."

जयवंत माझ्याकडे बघत राहिला. तो नाही म्हणेना. माझ्यात अजून अर्धं मोहोळ होतं, नव्या राण्यांच्या कोठड्या भरलेल्या होत्या, आणि हा माणूस नाही म्हणेना.

"न्या," शेवटी तो म्हणाला. "पण आधी मला कळू दे कोणी केलं ते. मालनवहिनी! ओ मालनवहिनी! वर या!"

मालन आली. तिच्या हातांना कोपरापर्यंत राख लागली होती.

"काय झालं? तुमच्याच पंगतीची भांडी घासतेय मी."

"ही हळद कोणी टाकली?"

"मी टाकली."

नंदकुमारांनी जानकीकडे बघितलं. जानकीनं पदर सावरला.

"का?" जयवंत एक पाऊल पुढे आला.

"मुंग्यांसाठी, भावजी. वाट्या सुकल्या होत्या. पाणी घालायला पेटीखाली हात घालावा लागतो आणि मला माश्यांची भीती वाटते. हळद लांबून टाकता येते." तिनं सगळ्यांकडे बघितलं. "तुम्ही सुतक म्हणून थांबलात. मुंग्या थांबणार होत्या का?"

"मग माश्या कुठे गेल्या?"

मालननं टाकीकडे बोट दाखवलं. टाकीमागच्या लोखंडी शिडीवर, मला न दिसणाऱ्या बाजूला, तिची पांढरी चादर पसरलेली होती. जयवंत तरातरा तिकडे निघाला.

"ओढू नका!" मालन किंचाळली. "हळू! खालून उचला!"

त्यानं चादरीचं टोक उचललं आणि माश्यांची गुणगुण माझ्यापर्यंत आली. मग जानकी म्हणाली, "बाये! फणसासारख्यो लटकल्यो हत."

"काल सकाळपासून तशाच आहेत," मालन म्हणाली. "मी सांगायला आले होते. जानकीआक्का दारातच म्हणाल्या, तो कुणाशी बोलत नाही, नंतर या. आणि ह्या सेक्रेटरींना दिसल्या असत्या तर हे मशाल घेऊन आले असते. म्हणून झाकल्या."

"मी? मी कशाला मशाल..." नंदकुमार म्हणाले आणि पुढचं गिळलं.

जयवंत परत माझ्यापाशी आला. त्यानं माझं झाकण उघडलं. आडफळी सुलक्षणानं शेवटची ठेवली होती तिथेच होती. फळीच्या अलीकडे पोळी इतकी दाटली होती की बोट शिरलं नसतं. फळीच्या पलीकडे माझी अर्धी बाजू कोरी, रिकामी होती.

"जागा नव्हती," तो हळूच म्हणाला. "मालनवहिनी, कुणी घालवल्या नाहीत. अर्धी पेटी रिकामी, आणि जागा नव्हती त्यांना. एक फळी सरकवायची होती. मी सुतक धरून बसलो."

"सुतक माणसांचं, भावजी. माश्यांना कोण सांगणार?"

"आता परत आत घाला त्यांका," जानकी म्हणाली. ती एव्हाना जवळ आली होती.

"तशा राहायच्या नाहीत. इथे नवी राणी निघेल. दोन राण्या एका घरात नांदत नाहीत, सुलू सांगायची." जयवंत बोलता बोलता थांबला. त्याचा हात माझ्या अंगावरून सरकत दुसऱ्या टोकाला गेला. बुचावर येऊन थांबला.

"कामाक येतला," तो पुटपुटला.

त्यानं बूच उपटलं. त्या भोकातून पहिल्यांदाच माझ्या रिकाम्या बाजूत ऊन आलं. एक घर, मध्ये फळी, दोन दारं. एवढ्यासाठी होतं ते. इतकी वर्षं मी त्याच्यावर डूख धरून होते.

"गवती चहा लागेल," जयवंत म्हणाला. "आमच्या कुंडीतला सुकला सगळा."

मालन खाली गेली आणि पाती घेऊन आली. "सुलूनंच दिलेलं रोप आहे. डब्यात लावलंय."

त्यानं पाती हातांना चोळली. शिडीखाली चादर धरली, शिडीला एक झटका दिला, आणि सगळा घड धप्पकन चादरीत पडला. मालननं डोळे मिटून चादरीची दुसरी बाजू धरली होती. ती तोंडानं देवाचं नाव घेत होती, पण तिनं चादर सोडली नाही. दोघांनी तो घड माझ्या रिकाम्या बाजूत ओतला.

"तुमची चादर गेली कामातून," जयवंत म्हणाला. चादरभर पिवळे ठिपके होते.

"जाऊ दे. तिला हळद कधीच लागली होती," मालन म्हणाली. ती हसली आणि मग चादरीतच तोंड खुपसून रडली. तेव्हा मला कळलं, जिन्यात उतरल्यावर त्या दोघी काय करायच्या ते.

नंदकुमार भंगारवाल्याला परत पाठवायला खाली गेले.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. माझं एक टोक जयवंत बघतो, दुसरं मालन. भीत भीत का होईना, बघते. गणपतीला दोन्हीकडचा मध जातो.

मित्रांनो, मी अजूनही संशयी आहे. पण माझ्या पहारेकरी माश्यांकडून मी एक गोष्ट उशिरा शिकले. त्या आधी हुंगतात आणि मग ठरवतात. तुम्हीही तसंच करा. आणि तुमच्या घरातून कुणी गेलं, तर ज्या जिवांना ते माणूस रोज हात लावत होतं, त्यांना तसंच झाकून ठेवू नका. दुःख असलं तरी झाकण उघडा, फळी सरकवा.

त्या दिवशी जयवंतचे हात माझ्यात उतरले, तेव्हा दोन्ही दारांतल्या माश्या पुढे आल्या. त्यांनी ते हात हुंगले आणि बाजूला झाल्या. गवती चहाचा तो वास माझ्या रिकाम्या बाजूत भरला आणि क्षणभर मला संशय आला, सुलक्षणाच आली की काय. आयुष्यात मला आलेल्या सगळ्या संशयांत तेवढा एक मी अजून मनातून काढलेला नाही.