मग वैद्य कोण?

मी वैद्यबुवा बोलतोय. उंची इंचभर, वजन नावालाच. हातात काठी, खांद्याला औषधांची झोळी, आणि दाढी अशी की निम्मी छाती झाकते. डावा डोळा उजव्यापेक्षा मोठा आहे, त्यावर हसू नका. रंगवताना वहिनीला शिंक आली, त्याला मी काय करू?

वहिनी शाळेत चित्रकला शिकवते. एका सुट्टीत तिने कथील वितळवून आम्हाला साच्यात ओतलं, कानशीने घासलं आणि बारीक कुंचल्याने रंगवलं. दर रविवारी दुपारी जेवणं उरकली की टेबल पुसायचं, चौकोनांचा नकाशा अंथरायचा आणि त्यावर आम्हाला उभं करायचं. राक्षस, भुयारं, शापित किल्ले, सगळं वहिनी तोंडाने सांगायची. बाकीची मंडळी फासे टाकून आम्हाला पुढेमागे सरकवायची.

खेळणारी तीन भावंडं. वहिनीचा नवरा, म्हणजे दादा, वायरमन. धाकटा शिंपी. आणि मधली ताई, इस्पितळात नर्स. तिघं तीन टोकांना राहायची, आठवडाभर एकमेकांना फोनसुद्धा करायची नाहीत. हा खेळ होता म्हणून निदान रविवारी एका टेबलाशी बसायची.

पहिल्याच दिवशी वहिनीने बजावलं, "गट समतोल हवा. एकाने पुढे उभं राहून मार खायचा, एकाने लांबून जादू फेकायची, आणि एकाने दोघांना बरं करायचं. यातलं एक जरी कमी पडलं तर पहिल्या भुयारातच कारभार आटोपला समजा."

दादाने लढवय्या उचलला. धाकट्याने जादूगार. मी उरलो.

"ताई, तू वैद्य हो," धाकटा म्हणाला. "तुला काय, येतंच सगळं."

ताई नुकतीच ड्युटी संपवून आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि "आण इकडे" म्हणाली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. कुणीतरी मला हातात घेतलं होतं. तिला मी हवा होतो का, हा प्रश्न माझ्या कथलाच्या डोक्यात आलाच नाही.

पाच वर्षं तिने मला खेळवलं. एक मोहीम संपली की नवी पात्रं निवडायची पद्धत होती. दादा आणि धाकटा दर वेळी अदलाबदल करायचे. एकदा हा जादूगार, एकदा तो. ताई वैद्यच. दोन-तीनदा ती म्हणाली, "या वेळी मी दुसरं काहीतरी…" तर दादा मध्येच, "नको गं बाई, तुझ्याशिवाय मरू आम्ही." तो हे मायेनेच म्हणायचा, तेच तर वाईट. मग ती मुकाट्याने मला पुढ्यात ओढायची.

ते दोघं बेधडक राक्षसाच्या तोंडात जायचे आणि मी मागून पळत सुटायचो. याचा हात बांध, त्याला लेप लाव. पाच वर्षांत मी एकाही शत्रूला फटका मारला नाही. काठी आपली शोभेला.

मग तो रविवार आला. त्या दिवशी दोघांना वाचवता वाचवता मीच पडलो. पडलेल्याला नकाशावर आडवं ठेवतात. तीन डावांच्या आत कुणी औषधाची बाटली पाजली तर ठीक, नाहीतर तो संपला. दोघांनी आपापल्या पात्राच्या सामानाचे कागद चाळले. दादाकडे चार तलवारी, दोरखंड, दोन ढाली. धाकट्याकडे अकरा मंत्र. औषधाची बाटली एकाकडेही नव्हती.

"कधी घेतलीच नाही," धाकटा म्हणाला. "तू असतेस ना."

ताईने माझ्याकडे पाहिलं. "मागच्या आठवड्यात मला पाच दिवस ताप होता," ती म्हणाली.

"अगं, मग सांगायचं नाही का?" दादा म्हणाला.

"कुणाला? वैद्याला?"

तिने कप विसळून पालथा घातला, चपला घातल्या आणि गेली. पुढच्या रविवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दादाने फोन केला की "ड्युटी आहे." मग धाकटाही यायचा बंद झाला. टेबलावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग साचू लागला.

मी पेटीत, कापसावर, आडवाच. ताईच्या बोटांना औषधी साबणाचा वास यायचा, तो आठवत पडून राहायचो. माझं काय चुकलं, हेच कळत नव्हतं.

कितीतरी महिन्यांनी एका रविवारी ती आपणहून आली. दादाने तिला खुर्ची दिली, धाकट्याला फोन करून बोलावून घेतलं. वहिनीने पेटी उघडली. तोच साबणाचा वास. ताईची बोटं माझ्यावर आली, थांबली, आणि पुढे गेली. कोपऱ्यात एक भालेवाली होती, तिला आजवर कुणी खेळवलंच नव्हतं. ताईने तिला उचललं.

"आज मी ही."

"मग वैद्य कोण?" वहिनीने विचारलं.

दादाने धाकट्याकडे पाहिलं, धाकट्याने नकाशाकडे.

"कुणी नको," ताई म्हणाली. "मेलो तर मेलो. पण आज मी पुढे राहणार."

भुयाराच्या तिसऱ्याच खोलीत सगळे मेले. भालेवाली शेवटपर्यंत उभी होती, सात जणांशी एकटी. शेवटचा फासा उलटा पडला आणि ताई हसली. मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, टेबलावर हात आपटत. मी उघड्या पेटीतून ऐकत होतो. पाच वर्षं मी तिच्या हातात होतो आणि तिला असं हसता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

हल्ली ते दर रविवारी मरतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा बसतात. माझी तक्रार नाही. खोटं कशाला बोलू, आहे. फार एकटं वाटतं. पण तुम्ही कधी असा गट बांधायला बसलात तर माझं एवढं ऐका. जो गप्प बसलाय त्याच्या हातात मला कोंबू नका. कुणाला मी खरोखर हवा असेन तर त्याने घ्यावं. नसेन, तर झाकण लावा. मी राहीन पडून.