झिपरीनं नेलेल्या

“उकंडाभाऊ, तुमाले तं दिसलीच असन झिपरी. खरं सांगा.”

लालीबाईने विचारले तेव्हा उकंडा हातपंपाच्या हेडमध्ये कोपरापर्यंत हात घालून चेनचा बोल्ट आवळत होता. तांड्यावरचा पंप नऊ दिवसांपासून बंद होता. सात-आठ बाया पाण्याचे गुंड घेऊन सावलीला बसल्या होत्या आणि मिस्त्रीकडून पाण्याआधी गोष्ट काढू पाहत होत्या.

“नाई दिसली,” तो म्हणाला.

“कशी दिसन? मानसाले दिसतच नाई ते. बाईलेच दिसते.”

“मंग तुमी पायली का?”

“म्या? म्या इहिरीवर एकटी जातच नाई.”

“मंग पायली कोनं?”

“जिनं पायली ते सांगाले वापस आली नाई नं, भाऊ!”

बाया हसल्या. उकंडाही थोडा हसला. त्याचे हसणे आता नुसते तोंडापुरते उरले होते.

झिपरी म्हणजे फुलसावंगीच्या पट्ट्यातल्या जुन्या विहिरींत राहणारी, मोकळ्या केसांची कोणी एक. केस पाण्यावर पसरतात, वाकलेल्या बाईच्या हाताला गुंडाळतात आणि तिला आत ओढतात, असे सांगतात. मागच्या वर्षी कोणीतरी तिचा व्हिडिओही मोबाईलवर फिरवला. उकंडाने पाहिला. शेवाळ होते.

त्याला कळणार नाही तर कोणाला कळणार? पंचायत समितीत हातपंप मिस्त्री म्हणून त्याला सव्वीस वर्षे झाली होती. तालुक्यात विहिरीत कोणी गेले की पोलीस त्यालाच बोलावत, कारण वजन ओढायची तिपाई आणि चेन-पुली त्याच्याकडे होती आणि आत उतरायला दुसरे कोणी तयार नसे. हे काम त्याच्या नेमणुकीच्या कागदात कुठेच लिहिलेले नव्हते. पहिल्यांदा उतरला तेव्हा त्याच्या खिशात लिंबू होते. खाली घोट्याला काहीतरी गुंडाळले गेले, तेव्हा तो आईच्या नावाने ओरडला होता. वर आल्यावर पाहिले तर जळक्या मोटारीची केबल.

त्यानंतर त्याने विहिरींतून बादल्या काढल्या, चपला काढल्या, मोबाईल काढले, एकदा आख्खी सायकल काढली. बाया काढल्या नऊ. नऊच्या नऊ सुना होत्या. झिपरी सासूला कधी नेत नाही, सरपंचाला नेत नाही, दारू पिऊन विहिरीच्या काठावर झोपणाऱ्यालाही नेत नाही. एवढे निवडून खाणारे जनावर दुनियेत दुसरे नसेल. आणि गावे ते मानतात, कारण झिपरी असली की घरात कोणाला काही विचारावे लागत नाही.

“लवकर करा बापा,” लालीबाई म्हणाली. “आज रामलालकडं सोयरिकीचा गूळ हाये. पावने येतीन दोन वाजता, त्यायले पानी कुठून पाजाव?”

“कोनाचा गूळ?”

“बबिताचा.”

“कोनासंग?”

“सुनीलसंगच. पुष्पाचं लेकरू हाये नं दीड वर्साचं. सावत्र येन्यापरिस मावशी बरी.”

उकंडाने तोच बोल्ट ढिला केला आणि पुन्हा आवळला.

पुष्पा ही रामलालची थोरली मुलगी, बबिता धाकटी. चार महिन्यांपूर्वी, दिवाळीच्या आधी, तिच्या सासरच्या तांड्यावरच्या विहिरीतून तिला त्यानेच वर काढले होते. त्या दिवशी सगळा तांडा काठावर उभा होता. तिचा नवरा सुनील खाली बसून डोके आपटत होता आणि झिपरीला शिव्या देत होता.

पाण्यात उकंडाने तिच्या गुडघ्यांखाली दोर घालायला हात नेला, तेव्हा हाताला गाठ लागली. पुष्पाने साडी गुडघ्यांपाशी आवळून वरून चिंधी बांधली होती. वर काढताना साडी फिटू नये, लोकांसमोर अंग उघडे पडू नये, म्हणून. पाय घसरलेली बाई गाठ बांधत नाही. झिपरी तर नाहीच नाही.

त्याने ती गाठ तिथेच, पाण्यात, सोडली. वर नेली असती तर लोक म्हणाले असते, जीव दिला, काय केलं असन कोनाले मालूम. मेलेल्या पोरीची बोटभर तरी अब्रू झाकावी, एवढेच त्याच्या मनात होते. चिंधी पाण्यात गेली. साडी त्याने आपल्याच हाताने नीट केली. पंचनाम्यात ‘पाय घसरून’ लिहिले गेले आणि पंच म्हणून त्याने खाली सही केली. डॉक्टरच्या कागदावर ‘बुडून मृत्यू’ आले, आणि ते काही खोटे नव्हते.

झाकायला गेला पोरीला आणि झाकला गेला सुनील. हे उकंडाला त्याच आठवड्यात समजले होते. समजूनही तो रोज जेवला, रोज कामावर गेला.

दांडा मारताच तीनदा नुसती हवा निघाली आणि मग पाणी आले. बाया गुंड घेऊन धावल्या. उकंडाने हत्यारे तिथेच टाकली आणि तो रामलालच्या घराकडे निघाला.

अंगणात सतरंजी पसरली होती. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. ताटात गुळाची भेली होती. तांड्याचे नाईक अमरसिंग खुर्चीवर बसून सुपारी कातरत होते. रामलालची बायको रुपीबाई आणि बबिता ओसरीवर कणीक मळत होत्या.

“या मिस्त्री, बसा,” रामलाल म्हणाला. “पानी आनलं तुमी आज. गूळ खाऊनच जा.”

“रामलालभाऊ, ही सोयरीक नोको करू.”

सुपारी कातरायचा आवाज थांबला.

उकंडाने उभ्यानेच सांगितले. गाठ सांगितली, चिंधी सांगितली, आपण ती सोडली तेही सांगितले. रामलाल ऐकता ऐकता उठून उभा राहिला.

“माह्या पोरीनं जीव देल्ला म्हन्तं तू? माह्या दारात येऊन?”

“हव.”

“मंग चार मयने तोंडात काय घातलतं?”



“चिंधी कुठं हाये?” अमरसिंगांनी विचारले. आवाज शांत होता, पण बैठकीत न्याय करतानाचा.

“इहिरीत.”

“म्हंजे काईच नाई तुमच्यापाशी. सई तं तुमचीच हाये कागदावर.”

“माहीच हाये.”

“पावने गाडीत बसले असतीन, मिस्त्री. त्यायले काय सांगू? मिस्त्रीले सपन पडलं म्हनून?”

“सपन नाई, नाईक. झिपरीले गाठ मारता येते का? तुमी इतके न्याव केले, तुमीच सांगा.”

अमरसिंगांनी अडकित्ता खाली ठेवला.

“लेकरू तिकडं हाये!” रामलाल ओरडला. “पुष्पाचं लेकरू! सोयरीक मोडली तं तोंड दाखवतीन का त्याचं? तू आनशीन का?”

तेव्हा रुपीबाई उठली. हाताला कणीक तशीच. ती ओसरीच्या कडेला आली.

“भाऊ,” तिने विचारले, “गाठ पुढं होती का मांगं?”

“पुढं. दोन गाठी. आवळून.”

तिने मान हलवली. पुढे म्हणजे स्वतःच्या हाताने. कोणी बांधून टाकले नव्हते. यातले कोणते बरे आणि कोणते वाईट, ते तिच्या चेहऱ्यावरून कोणालाच कळले नाही.

“बा,” मागून बबिता म्हणाली, “लेकरू आना, म्या पोशीन. जलमभर पोशीन. त्याच्या बापाले नाई पोशीन.”

“तू चूप बस!”

“चूपच तं बसलती. कोनं इचारलं मले?”

रुपीबाईने ताटातली भेली उचलली, घरात नेली, आणि डब्याचे झाकण लावल्याचा आवाज बाहेर आला. रामलाल आधी तिच्यावर ओरडला, मग उकंडावर, मग बसला. बराच वेळ तो सतरंजीची कड ओढून सरळ करत राहिला.

अमरसिंगांनी खिशातून मोबाईल काढला.

“गाडी फिरवा,” ते म्हणाले. “नाई, मयत नाई झाली कोनाची. गूळ नाई होत आज. हव, मी म्हन्तो म्हनून.” पलीकडून बरेच ऐकून घेऊन त्यांनी फोन ठेवला. “लेकरू नाई देत म्हनते,” ते रामलालला म्हणाले. “आज नाई आन उद्याही नाई.”

उकंडा निघाला तेव्हा त्याला कोणी बस म्हटले नाही, जा म्हणायलाही कोणी उठले नाही. त्याने पंपापाशी जाऊन हत्यारे गोळा केली आणि मोटारसायकल तालुक्याकडे घेतली.

ठाण्यात हवालदाराने त्याला ओळखले. “काय मिस्त्री, कुठं कोणी पडलं का?”

“नाई. मले माहं बयान बदलायचं हाये.”

ऐकून घेतल्यावर हवालदाराने डोळे चोळले. “ते प्रकरण बंद झालं, उकंडाभाऊ. खोटी सही केली म्हणून तुम्हीच आत जाल. समजतं का?”

“समजते.”

“वरून नोकरीवर येईल. निवृत्तीला किती राहिली?”

“पाच साल.”

“मग गुमान घरी जा ना, यार.”

“लिवून घ्या, साहेब.”

“साहेब येऊ द्या. बसा तिकडं.”

तो बाकावर बसला. साहेब तीनला येणार होते, मग चारला. भिंतीवर पाल ट्यूबलाइटच्या मागे गेली आणि तिथेच राहिली. दोनदा लोक आले, भांडले, गेले. उकंडाला भूक लागली होती, पण उठलो तर परत येणार नाही, हे त्याला स्वतःबद्दल पक्के ठाऊक होते.

साडेचारच्या सुमारास फाटकापाशी ऑटो थांबला. रुपीबाई एकटी उतरली. तिने उकंडाकडे पाहिले, पण बाकावर मात्र दुसऱ्या टोकाला बसली. दोघांच्या मध्ये दोन माणसे बसतील एवढी जागा राहिली.

“तुम्ही दोघं सोबत का?” हवालदाराने विचारले.

“नाई,” ती म्हणाली. “त्याचं तो सांगन. म्या माहं सांगीन.”

“तुमचं काय?”

“मी पुष्पाची माय हाओ. तिले सरनावर न्याच्या आगुदर आंघोळ म्या घातली. आंगावर सारं दिसलं मले. म्याही बोलली नाई.”

उकंडाने मान वर केली. ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

हवालदाराने खुर्ची पुढे ओढली आणि टेबलावर कोरा कागद शोधू लागला. त्याला तो सापडेपर्यंत रुपीबाई थांबली. मग उभी राहिली, ओढणी सारली, आणि आपल्याच दंडावर बोट ठेवले.

“इथं,” ती म्हणाली. बोट खांद्यावरून मागे पाठीकडे गेले, जिथपर्यंत पोचले तिथपर्यंत. “आन इथं.”