पेल्यावरचा हात

साखरेचा खडा बशीच्या कडेला तसाच पडून होता आणि मुबारिज त्याच्याकडे बघायचं टाळत होता... चहा त्याने फिकाच संपवला. इतकी वर्षं साखर बंद, आजार म्हणून नव्हे, राग म्हणून. मावशी त्याच्यासाठी रुखसाराला मागणी घालायला गेली आणि चहात साखर पडली नाही. शेकी शहरात मुलगी द्यायची नसली की तोंडाने कोणी नाही म्हणत नाही; होकार असला तर चहात साखर घालतात, नसला तर फिका देतात. त्या फिक्या चहावर त्याने गाणी रचली, निर्दय बाईची, आणि लग्नालग्नात लोक तीच मागून घेऊन रडू लागले. आज लग्न रुखसाराच्या मुलीचं होतं. गायचं बोलावणं तिनेच धाडलं होतं.

आणि आता ती समोर उभी होती.

"दमलात का? निर्दय बाईचं गाणं राहिलंय अजून."

"मुलीच्या लग्नात?"

"का? गावभर गाताना कधी लाजलात?" तिची नजर बशीत गेली. "मावशींचीच सवय. त्या दिवशी माझी आई साखर घालायला वाकली, तर त्यांनी पेल्यावर हात ठेवला. आईने भांडं मुकाट आत नेलं. माघार तुम्ही घेतलीत, आणि निर्दय मी?"

ती पाहुण्यांत मिसळली.

खोटं बोलतेय, साफ खोटं... पण तेवढ्यात मावशीचा तो हात दिसला, जाड, अंगठी रुतलेला. मधुमेह झाल्यापासून कुणी साखर पुढे केली की बोलता बोलता, न बघता, तो पेल्यावर पडायचा. त्या दिवशीही पडला असेल? आणि भांडं आत गेलेलं बघून मावशीलाच तो नकार वाटला असेल... मी एवढंच विचारलं होतं, साखर पडली का? नाही, म्हणाली. आता ती मातीत आहे, कुणाला विचारू?

"चला उस्ताद," गार्मोनवाला तोफिग पेटीचा भाता ओढत म्हणाला, "लोक रुमाल काढून बसलेत."

मुबारिजने तिथले गायक धरतात तसा डफ तोंडाशी धरला. पहिली ओळ सवयीने निघाली, लोकांनी माना डोलावल्या. दुसऱ्या ओळीत तो शब्द होता – निर्दय – आणि समोर रुखसारा हाताची घडी घालून वाट बघत होती. गळ्यात हुंदका दाटला. गाण्यातला हुंदका त्याच्या ओळखीचा होता, पाहिजे तिथे यायचा, पाहिजे तेव्हा थांबायचा. हा तो नव्हता. त्याने राग शोधला, नेहमीच्या जागी, छातीत डाव्या बाजूला... गार्मोनचे सूर पुढे सरकत होते, आणि रागवायला समोर कुणीच उरलं नव्हतं.