मोऱ्याचे छत्तीस खोके

माझ्या गळ्यात अकरा वर्षं माळ आहे आणि पनवेलच्या नव्या विमानतळावर माल स्वीकारण्याचं काम मी करतो. ही दोन्ही वाक्यं मी आजवर एकाच दमात, थोडी छाती काढून सांगत आलो. आता ती सांगताना मान वर होत नाही. का होत नाही, ते लिहितो.

विमानाच्या पोटात जाणारा माल आधी आमच्या शेडमध्ये येतो. औषधं, कपडे, यंत्रांचे सुटे भाग, आंबे, फुलं आणि मासे. माझं काम असं: खोके मोजायचे, कागद बघायचे, नाशवंत माल असेल तर दहा खोक्यांमागे एक उघडून आत थर्मामीटर खुपसायचं, आकडा लिहायचा आणि प्रत्येक खोक्यावर निळं स्टिकर लावायचं. स्टिकर दिसलं की हमाल तो माल थेट थंड खोलीत नेतात. नाही दिसलं तर बाकीच्या मालाबरोबर पत्र्याखाली रचतात. यात अवघड असं काही नाही.

माशांचं मात्र मी करत नसे. किशोरी नावाची आमची एक सहकारी आहे, ती करायची. ती हातमोजे चढवून खोका उघडायची, मी दहा हातांवर रजिस्टर घेऊन उभा राहायचो, ती आकडा ओरडून सांगायची आणि मी लिहायचो. "बुवा, तुमच्या वाटणीचा वास मी घेते, माझ्या वाटणीचं पुण्य तुम्ही घ्या," असं ती म्हणायची. मी हसायचो. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. आमच्या घरी मी माळ घालेपर्यंत बुधवार-रविवारी बोंबील चुकला नव्हता, आणि आता माझ्यासाठी कोणी लांबून आकडा ओरडतंय, याचा मला मान वाटायचा.

चैत्रात बातमी आली की एका विमान कंपनीने सहा मालवाहू विमानांची ऑर्डर दिली. आमचे मॅनेजर सत्यजीत सर यांनी पेढे वाटले, कारण त्यातलं पहिलं विमान दिवाळीनंतर आमच्याकडे उभं राहणार होतं. त्याला खिडक्या नाहीत, प्रवासी नाहीत, आत नुसता माल. आजवर कसं, प्रवाशांच्या बॅगा भरून उरेल त्या जागेत आमचा माल जायचा; बॅगा जास्त झाल्या की माल खाली. नव्या विमानात ठरलेली जागा मिळणार होती. उरणजवळच्या मोरा बंदरावर मच्छी पाठवणारी बायकांची एक संस्था आहे. तिने आठवड्याला दोन टनांची कायमची जागा मागितली. कंपनीने सांगितलं, आधी तीन खेपा प्रवासी विमानातून दुबईला पाठवून दाखवा, माल नीट पोचला तर जागा तुमची.

दोन खेपा उत्तम गेल्या. तिसरी वैशाखातल्या एकादशीला होती, आणि त्या दिवशी किशोरी रजेवर होती.

दुपारी एकच्या सुमाराला मोऱ्याचा टेम्पो आला. तो चालवणारा शिवा आम्हाला सगळ्यांना ओळखीचा. त्याने छत्तीस थर्माकोलचे खोके उतरवले आणि मला बघून म्हणाला, "आज तुमीच, बुवा? किशोरीताय नाय?"

"रजेवर आहे. ठेव तिकडं."

"उघडून दावू का? दोन मिनटांचा काम."

"नको. लांबनंच बरा."

"मासा चावत नाय बुवा, मेलेला हाय," असं म्हणून तो स्वतःच हसला, कागदावर सही घेतली आणि गेला.

मला पाच वाजता विचुंब्याला कीर्तनाला उभं राहायचं होतं. शेडमधून सुटून घरी जाऊन परत आंघोळ करायला वेळ नव्हता. उपास होता, अंगावर धुतलेला सदरा होता. खोका उघडायचा म्हणजे पाण्याचा शिंतोडा, हाताला वास, आणि मग त्याच हातात टाळ. मी मागच्या खेपेचं पान उलटलं. तिथे किशोरीने सांगितलेला आकडा होता, एक पूर्णांक आठ अंश. तोच मी नव्या पानावर उतरवला. स्टिकरची पट्टी वरच्या खोक्यावर ठेवली आणि म्हणालो, "लावून घ्या रे." कोणाला म्हणालो ते आठवत नाही. मी बराच आठवून पाहिलं. बहुधा तिथे कोणी नव्हतंच.

विचुंब्याला आता टॉवरच टॉवर झालेत, पण त्यांच्यामध्ये देवळाचा मंडप जुन्याच जागी आहे. त्या दिवशीचं कीर्तन फार रंगलं. कीर्तनकार बुवा तरुण होते, आवाज असा की मृदंग थांबला तरी कानात चालू राहावा. मला कीर्तनात रडू येतं, त्याची मला लाज नाही. माणूस तिथे रडायलाच जातो. पण त्या दिवशी बुवांनी निष्ठेवर बोलता बोलता माझ्याकडे बोट केलं. म्हणाले, "हे आपले दादूबुवा. विमानतळावर रोज शेकडो खोके मासे यांच्या डोळ्यांसमोरून जातात. अकरा वर्षांत बोट लावलं नाही. याला म्हणायचं सांभाळणं." मंडपात टाळ्या झाल्या. मी हात जोडले, डोळ्यांना धार लागली. त्याच वेळी मोऱ्याचे छत्तीस खोके पत्र्याखाली तापत होते, आणि दुबईचं विमान चार तास उशिरा होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये पाऊल टाकलं तेव्हा वासावरूनच कळलं. खोक्यांत बर्फाऐवजी ठेवलेल्या, गोठवलेल्या जेलच्या पिशव्या मऊ पडल्या होत्या, माशांचं पाणी सुटून खालच्या खोक्यांमधून ओघळलं होतं. विमानाच्या माणसांनी माल चढवायला नकार दिला होता. स्टिकरची पट्टी भिंतीकडेला पडली होती, अख्खी. मी ती उचलून खिशात घातली.

सत्यजीत सर आले. "दादूबुवा, घेताना तापमान बघितलं होतं ना?"

मी म्हणालो, "हो."

"आकडा?"

"एक पूर्णांक आठ."

"म्हणजे माल थंड आला होता. मग पॅकिंगच कच्चं. झाकणं नीट बांधली नसणार." त्यांनी तसा रिपोर्ट लिहिला आणि खाली माझी सही घेतली. पत्र्याखाली खोके कोणी ठेवले हे कोणी विचारलं नाही, कारण आकडा चांगला होता. मी खोटं एवढंच बोललो, एक शब्द आणि एक आकडा. तेवढ्यावर बाकीचं सगळं त्यांनी स्वतः रचलं आणि मी बघत राहिलो.

त्यानंतर मी एक एकादशी केली. त्या कीर्तनाला मागे खांबाआड बसलो.

पंधराएक दिवस झाले असतील नाहीतर वीस. गेटवरून फोन आला की एक बाई भेटायला आल्यात. बाहेर गेलो तर मोऱ्याच्या संस्थेच्या भामाताई. पन्नाशीच्या, मोठं कुंकू, काखेत थर्माकोलचा खोका आणि हातात घडी घातलेला कागद. त्या पॅकिंगच्या गटाच्या प्रमुख. मी त्यांना दोनदाच पाहिलं होतं.

"रामकृष्णहरी, बुवा," त्या म्हणाल्या. "तुमाला तरास देतंय."

"रामकृष्णहरी. बसा ना."

गेटशेजारच्या बाकावर आम्ही बसलो. त्यांनी कागद पुढे केला. तोच रिपोर्ट होता.

"ह्यो इंग्रजीत हाय. संस्थेच्या सायबानं सांगितला, पॅकिंग खराब. पन काय खराब, त्ये कोन सांगंना. मी बोलले, शेडात बुवा हायत, माळकरी मानूस, त्ये काय त्यात कमी-जास्त करनार नाय. वाचून सांगा मना. चुकलाय काय तेवढा कळला म्हंजे बायका सुधरतील."

मी वाचला. शब्द न् शब्द मराठीत सांगितला. घेताना तापमान योग्य, झाकणं सैल, गळती पाठवणाऱ्याच्या चुकीने. खाली सही, ती कोणाची ते मी वाचलं नाही. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

"झाकनं सैल," त्या पुटपुटल्या. "झाकनं माझी सून लावते. दिपिका. बारावी शिकलीय, संस्थेनं तिला तीन दिवस शिकायला पाठवला व्हता. ती सांगत व्हती, आई, मी सगली नीट लावली. मी तिलाच बोलले. सगल्या बायकांसमोर बोलले. पॅकिंगवरून उठवली, आता मासं धुते. बायका तिला ट्रेनिंगवाली म्हनतात."

मी रिपोर्ट त्यांच्या हातात परत दिला.

मग त्यांनी काखेतला खोका मांडीवर घेतला. "ह्यो बगा. झाकन कसा लावायचा त्ये तुमी एकदा दाखवा. शुक्रवारी कंपनीवाले ठरवनार हायत, जागा द्यायची का नाय. आमी त्यांच्यासमोर लावून दाखवू." आणि खोका माझ्याकडे सरकवता सरकवता थांबून म्हणाल्या, "कोरा हाय हां, बुवा. मुद्दाम कोरा आनला. याला मासा लागलेला नाय. तुमाला धरायला काय व्हनार नाय."

तो खोका खरंच कोरा होता. दुकानातल्या वेष्टनाचा कागदसुद्धा काढला नव्हता. उरणवरून दोन गाड्या बदलून ही बाई आली होती आणि वाटेत माझ्या सोवळ्याची काळजी करत होती. मी त्या खोक्याला हात लावू शकलो नाही. त्यांना वाटलं, अजून मला शंका आहे. "देवाशपथ कोरा हाय," त्या म्हणाल्या.

"भामाताई," मी म्हणालो, "झाकणं सैल नव्हती."

"मंग?"

"मला माहीत नाय झाकणं कशी व्हती. मी खोका उघडलाच नाय त्या दिवशी. आकडा मागच्या खेपेचा लिवला. स्टिकर लावलं नाय, म्हणून माल उन्हाच्या पत्र्याखाली गेला. खाली जी सही हाय ती माझी."

मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"उघडला नाय," त्या म्हणाल्या. "का?"

"एकादशी व्हती."

त्यांनी खोका परत काखेत घेतला, कागदाची घडी घातली. उठल्या. "हे मना सांगू नका. जिला मी बोलले, तिला येऊन सांगा." रामकृष्णहरी न म्हणता त्या रस्त्याला लागल्या.

मी तसाच सत्यजीत सरांकडे गेलो आणि कोऱ्या कागदावर सगळं लिहून दिलं, तेव्हापासून खिशात वागवलेली स्टिकरची पट्टी वर ठेवली. त्यांनी दोनदा वाचलं.

"बुवा, हे दिलंत तर मला तुम्हाला घरी बसवावं लागेल."

"बसवा."

"आणि विमान कंपनीला कळवावं लागेल की चूक आमची. सहा नवी विमानं येतायत. त्यांचा माल कोणी हाताळायचा ते अजून ठरायचंय. आत्ता हे कळवणं म्हणजे... तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय, सर. पण शुक्रवारच्या आत कळवा."

ते चिडले. चिडण्यासारखंच होतं. "एवढी निष्ठा त्या दिवशी दाखवली असती तर," म्हणाले, आणि वाक्य अर्धं सोडलं. मी माझ्या मनात ते पुरं करून घेतलं.

सरांनी कळवलं, आणि कंपनीने चौथी खेप मान्य केली. जागा दिली नाही आणि नाकारलीही नाही. चौथी नीट गेली तर बघू, म्हणाले. मला महिनाभर कामावर यायला मनाई झाली. मंगळवारी ती खेप होती. त्या सकाळी मी मोऱ्याला गेलो.

जेट्टीच्या अलीकडे संस्थेची शेड आहे. आत दहा-बारा बायका. टाक्यांमध्ये पापलेटं धुतली जात होती, फरशीवर पाणी होतं आणि ते माझ्या पायांखालून वाहत होतं. भामाताईंनी मला पाहिलं आणि वजनकाट्याकडे तोंड फिरवलं. टाकीपाशी एक तरुण बाई वाकलेली होती, कोपरापर्यंत हात पाण्यात. मी विचारलं, "दिपिका?"

"हं."

मी खालच्या आवाजात सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील.

"मोठ्यानं बोला," ती म्हणाली. हात पाण्यातच होते. "मना आई मोठ्यानं बोलली व्हती. सगल्यांनी आयकलेला."

मी मंडपात हजार माणसांत टाळ घेऊन उभा राहिलोय, गळा फाडून गायलोय. इथे दहा-बारा बायकांसमोर आवाज चढवणं जड गेलं. तरी बोललो. तुझ्या झाकणांमुळे माल खराब झाला नाही. चूक माझी. खोका न उघडता मी आकडा लिहिला. मागच्या एका म्हातारीने सुरी बाजूला ठेवली आणि विचारलं, "खोका उघडाया काय झालेला तुमाला?"

"कीर्तनाला जायचं होतं."

"जाऊन आला असता. हात धुवाया पानी नाय तुमच्या इमानतलावर?"

एक-दोघी हसल्या. दिपिका हसली नाही. ती वाट बघत होती, कारण खरं उत्तर अजून आलं नव्हतं आणि ते तिला कळलं होतं.

"विटाळ वाटला," मी म्हणालो.

"माशाचा?"

मी हो म्हणणार होतो. माशाचा म्हटलं असतं तर चाललं असतं. माळकऱ्याला ते शोभतं. पण मासा उघडा कुठे होता? तो पिशवीत होता, पिशवी खोक्यात, वर झाकण. मला नको होता तो त्या झाकणाला लागलेला हात.

"नाय," मी म्हणालो. "तुमचा."

माझ्या आईचेही हात असेच असायचे, हे सांगावंसं वाटलं, पण ते सांगून मी स्वतःला सोडवलं असतं, म्हणून गप्प राहिलो. दिपिकाने हात बाहेर काढले, पदराला पुसले आणि सासूकडे पाहिलं. भामाताईंनी मान हलवली. ती पॅकिंगच्या टेबलाशी गेली. खोका ओढला, पिशवी लावली, पापलेटं रचली, जेलच्या पिशव्या चारी बाजूंनी दाबल्या, झाकण बसवलं, चिकटपट्टी दोनदा फिरवली. मग दुसरा खोका.

"आज उघडनार कोन तिकडं?" तिने वर न बघता विचारलं.

"किशोरी. मी घरी आहे सध्या."

"बरा हाय," ती म्हणाली.

मला कोणी बसा म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. मी भिंतीशी उभा राहिलो. छत्तिसावा खोका बांधून होईपर्यंत दीड तास गेला असेल.